चुलीवर वितळणारं शिसं आणि शाळेत मागे पडणारी लेकरं

चुलबंद

गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. इथे या मंचावर शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, पाणीपुरवठ्यात काम केलेली माणसं आहेत, म्हणून हा धागा काढतेय. थोडा लांबेल, पण पूर्ण वाचा अशी विनंती.

आमच्याकडे गावागणिक मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत आणि मासेमार ढिवर समाजाची कितीतरी घरं त्यांच्यावर जगतात. फेकजाळं पाण्यात झपकन बुडावं म्हणून त्याच्या खालच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. बाजारातल्या तयार गोळ्या महाग पडतात, म्हणून पुष्कळ घरी त्या घरीच पाडतात. भंगारातून ट्रॅक्टरची नाहीतर इन्व्हर्टरची बाद बॅटरी आणायची, दगडाने फोडायची, आतलं आंबट पाणी अंगणातच ओतून द्यायचं. आतल्या काळ्या-करड्या पट्ट्या पोत्यावर वाळल्या की जुन्या लोखंडी कढईत घालून चुलीवर ठेवायच्या. शिसं ३२७ अंशांना वितळतं, तेवढी धग लाकडाच्या चुलीला सहज येते. वर साय धरावी तशी करडी मळी जमते. ती काडीने सारून चुलीच्या तोंडाशीच पाडतात आणि खालचा चकचकीत रस मातीच्या साच्यात ओततात. पोरं भोवती उकिडवी बसून बघत असतात, गार झालेल्या गोळ्या वेचून वाटीत भरायचं काम त्यांचंच. संध्याकाळी त्याच चुलीवर भात चढतो. सकाळी त्याच चुलीतल्या राखेने भांडी घासली जातात, त्यात लहान्याची दुधाची वाटीही आली.

आता वर्गातलं सांगते. काही लेकरं अशी आहेत की मरळ कुठे सापडते, शिंगी कशी धरायची, कोणत्या महिन्यात तलावाचं पाणी कुठवर येतं हे मोठ्या माणसासारखं सांगतात, पण सकाळी गिरवलेलं अक्षर दुपारी ओळखत नाहीत. एका सूचनेवर चालतात, दोन एकदम दिल्या की दुसरी हरवते. पोट दुखतं म्हणून सारखी घरी जातात. क्षुल्लक गोष्टीवर चिडतात, लगेच रडू येतं. अशा मुलांसाठी शाळाशाळांतून एकच शब्द तयार असतो, ‘ढ’. तो एकदा चिकटला की आठवीपर्यंत निघत नाही.

यातलं किती शिशामुळे आणि किती दुसऱ्या कशामुळे, हे रक्त तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, मीही सांगत नाही. पण युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांचा २०२० चा अहवाल वाचल्यापासून मला चैन नाही. जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्याचा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यातली २७ कोटींहून अधिक मुलं भारतातली. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० सालीच बंद केलं, तरी हे आकडे. अहवालात पहिलं बोट उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांकडेच आहे. मी शहरातल्या कारखान्यांचं वाचत होते आणि डोळ्यांपुढे आमच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, चुली येत होत्या.

मला विचारायचंय ते हे. तपासणी कुठे आणि कशी होते? घरात आणखी कुठून हे धातू लेकरांच्या पोटात जात असतील? आणि ज्यांचं पोट जाळ्यावर आहे त्यांना न दुखावता हे कसं सांगायचं?

शिशुवैद्य

चुलबंद मॅडम, धागा काढलात ते फार बरं केलं. मी पश्चिम विदर्भात बालरोगतज्ज्ञ आहे. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड घेऊन येणाऱ्या मुलांना आम्ही सर्रास जंताचं औषध देतो. घरी बॅटरी फुटते का, हे विचारायची आम्हाला सवयच नाही.

शिसं शरीरात कॅल्शियमच्या वाटेने शिरतं. जिथे कॅल्शियमने काम करायचं तिथे ते जाऊन बसतं, आणि मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी जे दुवे जुळायचे असतात तेच बिघडतात. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशातलं दहा टक्क्यांच्या आतबाहेर अंगात मुरतं, लहान मुलात चाळीस-पन्नास टक्के. शिवाय रांगणारं मूल मिनिटामिनिटाला हात तोंडात घालतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं खरं, पण ते हाडांत जाऊन दडतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडातलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर तेही सुटतं आणि वारेतून बाळाकडे जातं.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक अभ्यास मुद्दाम सांगतो. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या शाळांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. दुसरीकडे वर्गशिक्षकांना त्या मुलांबद्दल साधे प्रश्न विचारले: लक्ष लागतं का, हातातलं काम पुरं करतो का, सांगितलेलं क्रमाने करता येतं का. दोन हजारांहून जास्त मुलांची उत्तरं आली. कोणाच्या दातात किती शिसं आहे याचा शिक्षकांना पत्ता नव्हता, तरी दातातलं शिसं जसं वाढत गेलं तशा तक्रारी पायरीपायरीने वाढत गेल्या. हे १९७९ मध्ये छापून आलं. तुम्ही वर्गातलं जे लिहिलंय, ते त्या प्रश्नावलीशी फार जुळतं.

पातळीचं म्हणाल तर ‘एवढं चालतं’ असा आकडा नाही. अमेरिकेत धोक्याची रेघ १९९१ मध्ये १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर होती, २०१२ मध्ये ५ वर आली, २०२१ पासून ३.५ आहे. कारण थोड्या शिशानेही नुकसान होतं, आणि पहिल्या थोड्याने सगळ्यात जास्त. २००५ मध्ये लॅनफिअर आणि सहकाऱ्यांनी सात अभ्यासांतली १,३३३ मुलं एकत्र धरून पाहिली. शिसं २.४ वरून १० पर्यंत चढेस्तोवर बुद्ध्यांक सरासरी ३.९ अंकांनी घसरला होता, पुढे १० वरून २० पर्यंत जाताना आणखी १.९. म्हणून ‘थोडंच तर आहे’ म्हणून सोडून देणं सगळ्यात वाईट.

तपासणी रक्ताची होते, शिरेतून रक्त घेऊन. बोटाच्या थेंबावर विसंबू नका. बोटाला शिशाची धूळ असेल तर आकडा खोटाच वर दिसतो. नागपुरातल्या मोठ्या प्रयोगशाळा नमुना घेतात, तालुक्याला ही सोय शोधू नका.

वऱ्हाडी गडी

मॅडम, राग मानू नका, पण मले हे पटून नाही राह्यलं. आमच्या अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पोट्टे मागं पडतेत ते काऊन? घरात दोन वख्ताचं खायाले नाही, माय-बाप दिवाळीनंतर कामाले पुण्या-मुंबईकडं जातेत, पोरगं सहा महिने शाळेतून गायब. चार वर्गाले एक मास्तर. आता तुमी म्हनता शिसं. मंग सरकारले तं बरंच झालं, सांगतीन का तुमच्याच चुलीनं तुमचे पोरं ढ केले. गरिबाचाच दोष.

चुलबंद

दादा, राग कशाचा. स्थलांतराचं तुम्ही म्हणता ते आमच्याही हजेरीपटावर दिसतं आणि एका शिक्षकावर चार वर्ग मीही ओढलेत. दोष मी कोणाला देत नाहीये. घरच्यांना कोणी सांगितलंच नाही, हीच माझी तक्रार आहे. बाद बॅटरी भंगारात गावोगाव फिरू नये, ती बनवणाऱ्यांनीच परत घ्यावी, असा नियम देशात २००१ पासूनच आहे, २०२२ मध्ये तो नव्याने आला. तरी ती आमच्या टोलीत पोचते, याचा जाब वरच्यांनाच द्यावा लागेल.

शिशुवैद्य

वऱ्हाडी दादांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, कारण भूक आणि शिसं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. रिकाम्या पोटी तर आणखी. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे दोघांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलंय. रक्तक्षय झालेलं मूल माती खातं. बॅटरी फोडलेल्या अंगणातली माती खाल्ली की शिसं पोटात, आणि शिसं रक्त तयार होण्यातच अडथळा आणतं, म्हणजे रक्तक्षय आणखी वाढतो. शेतमजुराच्या घरातलं उपाशी मूल आणि भरल्या घरातलं मूल एकाच अंगणात खेळलं तरी उपाशी मुलाला जास्त इजा होते. म्हणून शिशाचा प्रश्न हा गरिबीचाच प्रश्न आहे.

वऱ्हाडी गडी

हे मातर नवीन समजलं डॉक्टर. माती खानारे लेकरं तं आमच्या इकडं घरोघरी हायेत. आमी तं जंत झाले म्हनून सोडून देतो. असं असन तं अंगनवाडीच्या ताईले हे पयले सांगा लागते.

मनसरचा पोरगा

रामटेककडचा आहे. आमच्याकडे शिशापेक्षा मँगेनीजचं बोलायला हवं. मनसर, कांद्री, गुमगाव, पलीकडे भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग, सगळा खाणींचा पट्टा. माझे वडील खाणीत होते. आमच्या जुन्या विहिरीचं पाणी भांड्यात ठेवलं की तळाला काळपट थर धरायचा, आई तो फडक्याने पुसून काढायची.

मँगेनीज शरीराला थोडं लागतंच, त्यामुळे लोक मनावर घेत नाहीत. पण कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मरीस बुशार यांनी २०११ मध्ये विहिरीचं पाणी पिणारी ३६२ मुलं तपासली. ज्यांच्या पाण्यात मँगेनीज सगळ्यात जास्त, त्यांचा बुद्ध्यांक सगळ्यात कमीवाल्यांपेक्षा ६.२ अंकांनी खाली होता. अन्नातल्या मँगेनीजचा असा संबंध दिसला नाही, पाण्यातल्याचा दिसला. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.३. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ०.०८ सांगितलंय. खाणपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेच्या बोअरचा हा आकडा भिंतीवर लिहिलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

रसायनवाले सर

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनची जी तपासणी पेटी असते तिच्यात आम्लता, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट असं बघता येतं. शिसं, मँगेनीज, आर्सेनिक त्यात दिसत नाही. ‘पाणी तपासलं, चांगलं आहे’ असं ग्रामसेवकाने सांगितलं तर काय तपासलं ते विचारा. धातूंसाठी नमुना जिल्ह्याच्या नाहीतर भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्यावा लागतो आणि कोणते धातू हवेत ते अर्जात नाव घेऊन लिहावं लागतं.

उकळून धातू जात नाहीत. पाणी आटतं आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे उलट दाट होतो. तुरटीनेही विरघळलेलं शिसं जाण्याचा भरवसा नाही. आणि यवतमाळ-चंद्रपूरकडे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात ते फ्लोराइडचं काम, तो धातू नव्हे. दोन्ही तक्रारी एकाच अर्जात घातल्या की अर्ज फिरत राहतो, म्हणून वेगळे अर्ज करा.

पारावरची

चुलबंदताई, घरात आणखी कुठून, असं विचारलंत म्हणून लिहिते. शेंदूर. पारंपरिक शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड असतं. आमच्या गावात शनिवारी बाया लेकरांना घेऊन मारुतीला जातात, तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्याने कपाळाला लावतात आणि त्याच हाताने प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा लेकराच्या तोंडात देतात. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून छातीलाही लावतात. मी स्वतः मारुतीची भक्त आहे, देवाला शेंदूर चढू नये असं म्हणणार नाही. पण लेकराच्या अंगाला तो लागू नये आणि प्रसाद हात धुऊन द्यावा, एवढं पुजाऱ्यांनी सांगितलं तर कोणी मोडणार नाही. आमच्या पुजारीबाबांशी बोलले, त्यांना पटलं. आता ते लेकरांना बुक्का लावतात.

डोळ्यांत घालायच्या सुरम्याचंही तसंच. काही सुरमे शिशाच्या खनिजाचे असतात.

नंदीबैल

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी! आमच्या घरी आजोबांच्या वेळचा आहे, दर वर्षी वरून नवा ऑइलपेंट चढतो. खालचे थर किती जुने आहेत देव जाणे. पोरं पोळ्याच्या आधी आठवडाभर त्याला घेऊन झोपतात, लहान तर शिंगं चोखतात. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त शिसं नको हा नियम २०१७ च्या अखेरीपासून लागू आहे, म्हणजे त्याआधीचे रंग कसे होते याची कल्पना करा. यंदा आम्ही जुना नंदी देवघरात उंचावर ठेवला आणि धाकट्यासाठी सुताराकडून बिनरंगी सागवानी करून घेतला. गेरू लावला, झूल घातली, तोरणाखाली उभा केला. पोरगं खूश.

एक मात्र नक्की सांगा सगळ्यांना, जुना रंग घरात पॉलिश पेपरने घासू नका. ती धूळच जास्त वाईट.

अनघा

वाचतेय. हळदीबद्दल कोणी लिहिलं नाही. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून शिशाचं क्रोमेट चोळायचे. तिथल्या सरकारने २०१९ पासून कडक कारवाई केली आणि दोन वर्षांत बाजारातले नमुने जवळजवळ स्वच्छ झाले, म्हणजे ठरवलं तर होतं. आपल्याकडे वर्ध्याची वायगाव हळद ओळखीच्या शेतकऱ्याकडून न चकाकवलेली मिळते, ती घ्या. भंगारातून ओतलेल्या जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्यात चिंचेची किंवा अंबाडीची आंबट भाजी शिजवू नका, त्यातूनही शिसं उतरू शकतं.

राखपट्टा

खापरखेड्याजवळचा आहे. आमच्याकडे औष्णिक वीज केंद्रांची राख. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा शेतं आणि नाले राखेने भरले होते. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, पारा, शिसं, क्रोमियम थोड्या थोड्या प्रमाणात असतं. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर करडा थर येतो. चंद्रपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. मॅडमच्या गावातली चूल घरच्यांना उद्या बंद करता येईल. आमची राख आम्ही बंद करू शकत नाही. आम्ही टाक्या झाकतो, भाज्या तीन पाण्यांनी धुतो आणि ग्रामसभेत दर वेळी मुलांच्या रक्ततपासणीचा ठराव मांडतो. अजून झालेली नाही.

जाळेवाला

मी ढिवरच आहे, बी.ए. झालो, जाळंही टाकतो. धागा वाचून आधी वाईट वाटलं, मग पूर्ण वाचला. मॅडमनी जसं लिहिलंय तसंच आमच्या घरी होतं. बाबा गोळ्या पाडायचे, मी आणि बहीण त्या दातांत धरून चेमटायचो, दोरीवर पक्क्या बसाव्या म्हणून. आजही बरेच जण दातांनीच दाबतात. हे मॅडमना दिसलं नसेल म्हणून सांगतो. चुलीइतकंच ते वाईट असणार.

आता उपाय बोलू. शिसं आमच्या आवडीचं नाही, ते लहान असून जड असतं आणि गंजत नाही म्हणून वापरतो. आजोबांच्या काळी भाजलेल्या मातीचे मणी असत. ते हलके पडतात आणि खडकावर फुटतात, म्हणून फेकजाळ्याला नको, पण उभ्या लावायच्या जाळ्याला आजही चालतील. फेकजाळ्याला खालून लोखंडी बारीक साखळी ओवता येते. गंजते, दोन-तीन हंगामांनी बदलावी लागते, पण जाळं छान पसरतं. मी तीच वापरतो. साखळीचे पैसे एकदम निघत नाहीत, ही खरी अडचण आहे. मच्छीमार सहकारी संस्थेने बोटुकलीसारखी (माशांच्या पिलांसारखी) साखळीही उधारीवर दिली तर अर्धी टोली उद्याच शिसं सोडेल. आणि आम्हाला सांगायचं तर ‘तुमची पोरं ढ आहेत’ तिथून सुरुवात करू नका. चुलीच्या राखेपासून करा. बायकांना ते लगेच समजेल.

चुलबंद

जाळेवाला दादा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. दातांचं मला खरंच माहीत नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांशी साखळीचं बोलते. तुम्ही एखाद्या बैठकीला याल का? माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलं तर फरक पडेल.

डॉक्टर, दोन गोष्टी राहिल्या. ज्या घरी वर्षानुवर्षं गोळ्या पाडल्यात, त्या अंगणाचं आणि चुलीचं काय करायचं? आणि तपासणीत शिसं निघालंच, तर ते काढायचं औषध आहे का? आया पहिला प्रश्न हाच विचारणार.

शिशुवैद्य

औषध आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही. साधारण ४५ च्या वर पातळी गेली तर शिसं बांधून लघवीवाटे काढणारी औषधं रुग्णालयात देतात. त्याखालच्या, २० ते ४४ पातळीच्या ७८० मुलांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र काही फरक पडला नाही. म्हणून मूळ जागा बंद करणं हाच पहिला उपचार. बाजारात ‘शरीरशुद्धी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्या कोणी घेऊ नयेत, काही भस्मांत मुळात शिसं आणि पाराच असतो.

आयांना हेही सांगा की मेंदू अजून वाढतोय. लोह भरून काढलं, पोटभर खाल्लं, रोज कोणी जवळ बसून गोष्ट सांगितली, वाचून दाखवलं तर मूल पुढे सरकतं. तीळ, जवस, नाचणी, तरोट्याची भाजी, दूध, जे घरात असेल ते, आणि शाळेत येण्याआधी काहीतरी खाऊनच.

चुलीचं असं करा. ती चूल मोडून दुसऱ्या जागी नवी घाला. जुनी माती, राख आणि मळी पाणी शिंपडून ओली करा, खराट्याने झाडू नका. घट्ट पिशवीत भरा, तलावात किंवा परसातल्या भाजीत टाकू नका, उकिरड्यावरही नको. उरलेल्या पट्ट्या आणि गोळ्या बॅटरीच्या परवानाधारक दुकानदाराकडे परत द्या. बॅटरी फोडायची त्या जागेची वरची वीतभर माती काढून ती पिशवीही मुलं आणि विहीर यांच्यापासून लांब वेगळी ठेवा, आणि ती कुठे न्यायची हे ग्रामपंचायतीकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारा. तिथे नवी माती टाकून वरून सारवून घ्या. जाळ्याच्या कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. भांड्यांना काही दिवस राख नको, साबण वापरा.

रक्त तपासायला शाळेतल्या मुलांपासून सुरुवात करू नका. त्यांच्या घरातलं रांगणारं भावंड आणि गरोदर आई आधी. गावातून किती नमुने होतील ते मला निरोपात कळवा, नमुन्याच्या नळ्या कोणत्या लागतात आणि त्या नागपूरपर्यंत कशा न्यायच्या ते मी जुळवून देतो.

जाळेवाला

मॅडम, बैठकीला येतो. साखळी लावलेलं जाळं सोबत आणतो, तलावावर टाकूनच दाखवू.